मामांची कुजबुज

"ती म्हणते…"

एवढं बोलून मामा थांबायचे. उजव्या हाताचा पंजा तोंडाच्या कडेला आडोशासारखा धरायचे, डावीकडे कलायचे आणि शेजारी बसलेल्या मामींच्या कानाशी पडद्यावरच्या बाईचं तमिळ वाक्य मराठीत सांगायचे. हा सगळा प्रकार अत्यंत खासगी आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जायची, आणि दार उघडं राहिलं तर बाहेर लहान मुलांच्या पुस्तकांपर्यंतसुद्धा पोचायची.

कारण साधं होतं. मामींना कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यांचं ऐकणं जसजसं कमी होत गेलं, तसतसा मामांचा आवाज वाढत गेला, आणि तो वाढल्याचं दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. तुमच्या ओळखीतही अशी जोडपी असतील. शेजारी बसून एकमेकांशी ओरडून बोलतात आणि आपण गुपित सांगतोय असं समजतात.

मी न्यू जर्सीत, आयसेलिनच्या एका सार्वजनिक वाचनालयात नोकरी करते. ओक ट्री रोडवरची साड्यांची आणि दागिन्यांची दुकानं संपली की पुढच्या सिग्नलला आमची बैठी इमारत दिसते. मी मूळची नागपूरची. आमच्याकडे हळू बोलणाऱ्या माणसाला 'बरं नाही का?' असं विचारतात, आणि नशिबाने मला पोटापाण्यासाठी लोकांना गप्प करायचं काम लावून दिलं. दर गुरुवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये ज्येष्ठ मंडळींसाठी जुने भारतीय सिनेमे दाखवतात. ते खातंही माझ्याकडेच.

अशाच एका गुरुवारी तमिळ सिनेमा लावला होता. हॉलमधून कोइंबतूरचे एक निवृत्त डॉक्टर तावातावाने बाहेर आले. हे गृहस्थ उंचेपुरे, कडक इस्त्रीचे आणि शिस्तीचे भोक्ते.

"मॅडम," ते मला म्हणाले, "देअर इज अ रेडिओ इनसाइड. इट इज नॉट इव्हन इन तमिळ."

मी बंदोबस्त करायला आत गेले. अंधारात एक किडकिडीत म्हातारा दिसला. हेच ते मामा; तमिळ मंडळींच्या रीतीप्रमाणे पुढे सगळेच त्या दोघांना मामा-मामी म्हणू लागले. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात लेकीने घेतलेलं भलंमोठं जाकीट. शेजारी पाचवारी साडी आणि बर्फातले बूट घातलेली गोरी, ठेंगणी बाई. मी वाकून म्हटलं, "सर, प्लीज…" त्यांनी माझ्याकडे न बघताच एक बोट वर केलं. थांब जरा, असं. आणि बाईंना म्हणाले, "तो म्हणतो, रंग पुसून निघालो तेव्हा मला वाटलं हिने वळून बघितलं. पण तिने आपली पिशवी उचलायला मान वळवली होती."

विभूती लावलेल्या माणसाच्या तोंडून दादर-गिरगावकडचं स्वच्छ मराठी ऐकून मी चाटच पडले. मागच्या खुर्चीत टेकले. गप्प करायला गेलेली मी मध्यंतरापर्यंत तिथेच होते.

दिवे लागल्यावर विचारलं, "तुम्ही मराठी कसं काय बोलता?"

"माटुंगा," मामा म्हणाले. जणू यापुढे काही विचारण्यासारखं उरलंच नाही. मग बाईंकडे हात करून म्हणाले, "आणि ही गिरगावची."

"म्हणजे लव्ह मॅरेज?"

"लव्ह मी केलं. मॅरेज हिने केलं. म्हणून टिकलं."

मामींनी त्यांच्या दंडाला हात लावला. "अहो, काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय, तुमची साडी फार छान आहे."

मामी माझ्याकडे बघून अशा काही प्रसन्न हसल्या, की 'मी तसं म्हटलंच नाही' हे सांगायचं मला धाडस झालं नाही. साडी खरोखरच छान होती.

महिन्याभरात ही बातमी आसपासच्या मराठी मंडळींत पसरली. अमेरिकेत आलेली म्हातारी माणसं दुपारी काय करतात? नातवंडं शाळेत, मुलं ऑफिसात, घरात सेंट्रल हीटिंगची घरघर. टाउनशिपची ज्येष्ठांसाठीची बस धरून ही मंडळी तमिळ सिनेमाला येऊ लागली. मामांच्या मागेपुढे खुर्च्या पकडायची आणि पडद्याकडे निम्मं, मामांकडे निम्मं लक्ष ठेवायची. डॉक्टरांचा संताप अनावर झाला. शेवटी मी हॉलच्या दोन बाजू करून दिल्या. डावी मराठी, उजवी तमिळ. मामांना मी माइकही देऊ केला होता.

"नको गं," ते म्हणाले. "माइकमध्ये कुजबुजता येत नाही."

त्यांची सांगायची पद्धत अगदी त्यांची होती. गाणं आलं की ते हाताची घडी घालून गप्प बसायचे. मामींनी कोपर मारलं की म्हणायचे, "गाणं आहे. चंद्राबद्दल आहे." प्रत्येक गाणं चंद्राबद्दलच असायचं. खलनायक चवताळून काही बोलला की "शिवी आहे, सोडून देतो," आणि मग न राहवून, "पण चांगली आहे." राजे-महाराजे त्यांच्या मराठीत "अहो, ऐका तरी" म्हणायचे आणि राण्या "तुमचं हे नेहमीचंच आहे" असं फणकारायच्या. पडद्यावर ती नटी रत्नजडित मुकुट घालून उभी असायची आणि बोलायची मात्र गिरगावातल्या चाळीतलं. ते कुणासारखं होतं हे मामींच्या शेजारी पाच मिनिटं बसलं की कळायचं.

या सगळ्या सिनेमांत एक त्या दोघांचा खास होता. नाटकमंडळीतल्या नटांवरचा, जुना, काळापांढरा. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस मार्चमध्ये यायचा आणि त्या आठवड्यात मामी मला तोच लावायला सांगायच्या. मामांच्या जाकिटाच्या खिशात त्याची डिस्क कायम असायची.

गोष्ट अशी. गावोगाव फिरणारी एक नाटक कंपनी. नवरा राजा होतो, बायको राणी. नवरा नट म्हणून थोर, पण डोक्यातला मुकुट उतरतच नाही. घरीही राजाच. एका गावी तो सगळ्यांसमोर बायकोला टाकून बोलतो आणि तिच्या जागी नवी पोरगी उभी करतो. बायको कंपनी सोडून जाते. पुढे कंपनी बुडते. शेवटच्या खेळाला राणीचं काम करायला कुणीच नाही, आणि पडदा वर जातो तर समोर तीच उभी. खेळ होतो. लोक निघून जातात. रिकाम्या रंगमंचावर तो सिंहासनावर बसलेला, ती जवळ येते, त्याच्या डोक्यावरचा मुकुट काढते, पदराने पुसते, त्याच्या मांडीवर ठेवते, काहीतरी बोलते आणि विंगेतून निघून जाते. राजा रडत असतो. संपलं.

मामा इथे अगदी मामींच्या कानाला लागायचे. "ती म्हणते, डोक्याला भार झाला असेल, जरा काढून ठेवा. मी बाहेर बैलगाडी आलीय का बघते. मग दोघं मिळून घरी जाऊ."

"आणि तो?" मामी विचारायच्या. दर वेळी विचारायच्या.

"आनंदाने रडतोय."

डावी बाजू डोळे पुसायची. उजवी बाजू, आता आठवतं, खाली बघत बसायची.

डॉक्टरांनी मला एकदा पुस्तकांच्या रॅकमागे गाठलं. "मॅडम, ही इज चेंजिंग द पिक्चर," ते दबक्या आवाजात म्हणाले. मामा मराठीत काय सांगतात ते त्यांनी डावीकडच्या एकाला इंग्रजीत विचारून घेतलं होतं. ती बाई गाडी बघायला जात नाही. ती म्हणते, हा मुकुट एवढाच तुमचा आहे, तो तुम्हाला परत करायला आले होते. माझी वाट पाहू नका. आणि जाते ती कायमची जाते. हॉलमधल्या प्रत्येक तमिळ माणसाला हे ठाऊक होतं. "फर्स्ट आय थॉट, आय विल टेल द लेडी," डॉक्टर म्हणाले. "देन आय सॉ हर फेस." एवढं बोलून ते चष्मा पुसत निघून गेले. हा माणूस मला त्या दिवसापासून आवडायला लागला.

मला मात्र राहवेना. मामी विणकामाच्या वर्गात होत्या तेव्हा मामा पुस्तकं परत करायला माझ्या काउंटरला आले. मी म्हटलं, "मामा, त्या सिनेमाचा शेवट तसा नाहीये म्हणे."

त्यांनी आधी विणकामाच्या खोलीकडे बघितलं. "डॉक्टर बोलला?"

"हो."

"त्याला खरं सांगायची सवय आहे. धंदाच तो." मग स्टूल ओढून बसले आणि बराच वेळ काउंटरवरच्या पेन्सिली सारख्या करत राहिले.

"लग्न करून हिला माटुंग्याला आणलं," ते म्हणाले. "घरात आई, बहिणी, सगळं तमिळ. जेवताना सगळे हसायचे. हिला कळायचं नाही कशाला हसले. मला विचारायची, काय म्हणाल्या हो? मी म्हणायचो, काही नाही गं, असंच. वर्षभर मी तेवढंच म्हणत होतो. काही नाही, असंच. एक दिवस ही पिशवी घेऊन गिरगावात निघून गेली."

"मग?"

"मग मी रोज ऑफिस सुटलं की गिरगावात. हिचे वडील चहा द्यायचे, पेपर द्यायचे. ही बाहेर यायची नाही. शेवटी एकदा आली आणि म्हणाली, घरी नाही येणार. सिनेमाला येते. तुमच्या भाषेतल्या. शब्दन् शब्द सांगायचा. एकदा जरी 'काही नाही, असंच' म्हणालात तर उठून जाईन, आणि मग येऊ नका."

मामा हसले. "मला काय माहीत कुठला सिनेमा! माटुंग्याच्या थेटरात रविवारी सकाळी जो लागला होता तो. पोस्टरवर राजा-राणी दिसले. मला वाटलं, राजा-राणी म्हणजे बरंच असेल. दोन तास मी घसा कोरडा करून सांगतोय, ही माझ्याकडे सरकतेय. आणि शेवटी ती बया म्हणते, माझी वाट पाहू नका. ही माझ्या तोंडाकडे बघतेय. काय म्हणते हो ती? आता तूच सांग. मी काय सांगायला हवं होतं?"

माझ्या उत्तरासाठी ते थांबलेच नाहीत.

"बाहेर आलो तर ही म्हणाली, घर इथून जवळच आहे ना? चला. पिशवी उद्या आणू."

इथे एखाद्याने गोष्ट संपवली असती. पण मामांना ती तिथे संपवता आली नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी घरीही 'काही नाही, असंच' म्हणणं सोडलं. आई बोलली की हिला सांगायचं. आता आई काही नेहमी गोड बोलायची नाही. आई म्हणायची, याला सांबार म्हणतात का? मामा सांगायचे, आई म्हणते, वेगळंच झालंय सांबार, तिच्या आजोळी असं करायचे. आई म्हणायची, हिला कधी समज येणार? मामा सांगायचे, आई म्हणते, दमली असशील, बस जरा. मामी हरखून सासूच्या पाया पडायच्या. सासू बुचकळ्यात.

"पुढे हिला स्वयंपाकघरापुरतं तमिळ यायला लागलं," मामा म्हणाले. "पाणी आण, ये, बस, जेव. तोपर्यंत आईपण मवाळ झाली होती. पण सुरुवातीचं सगळं मी बनवलेलं, गं. आई गेली तेव्हा ही माझ्यापेक्षा जास्त रडली. अजून तिची साडी जपून ठेवते. आता सिनेमाचा शेवट खोटा होता हे कळलं तर ही हसेल. खूप हसेल. आणि मग विचारेल, आणखी काय काय खोटं सांगितलंत? मी इतकी वर्षं कुणासाठी रडले, असं तिला वाटायला नको."

विणकामाचा वर्ग सुटला. मामींनी लांबूनच हात केला आणि मामा पटकन उठले.

पुढच्या मार्चमध्ये घोटाळा झाला. मामांच्या डिस्कवर ओरखडे पडून ती दर वेळी राजाच्या मिशीशीच अडकायला लागली. मामींनी परस्पर माझ्याकडे येऊन दुसरी मागवायला सांगितली. मी ती दुसऱ्या वाचनालयातून मागवली. आली ती नवी कोरी, लख्ख, आणि खाली इंग्रजी अक्षरं असलेली. तेवढं बंद करता आलं असतं. पण त्याच सुमाराला आमच्याकडे नियम झाला होता, की सार्वजनिक खेळाला खालची अक्षरं चालू ठेवलीच पाहिजेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. नियम चांगला होता आणि तो मामींसारख्यांसाठीच होता. मी वाचनालयाच्या साहेबीणबाईंना दोनदा विनवून बघितलं. त्या म्हणाल्या, "बट इजन्ट दॅट द होल पॉइंट?"

मामी गिरगावात शाळामास्तरीण होत्या. इंग्रजी उत्तम.

मामांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "प्रोजेक्टर बिघडला म्हणून सांग."

"मामा, मामींनी सगळ्यांना आमंत्रण दिलंय. चिवडा करतायत."

"मग मी आजारी पडतो."

पण आजारी पडणं मामांना जमलं नाही. गुरुवारी दोघं आले. मामींनी सासूबाईंची जांभळी कांजीवरम नेसली होती. चिवड्याचे डबे दोन्ही बाजूंना फिरले. खेळ सुरू व्हायच्या जरा आधी डॉक्टर उजवी बाजू सोडून डावीकडे आले आणि बरोब्बर मामींच्या पुढच्या खुर्चीत ताठ बसले. असल्या उंच माणसाच्या पाठीमागून मामींना पडद्याचा खालचा अर्धा भाग दिसणं शक्यच नव्हतं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांकडे. डॉक्टर समोर बघत होते.

मामींनी त्यांच्या खांद्यावर टकटक केलं. "डॉक्टर, जरा सरका. मला मेलं काही दिसत नाही."

डॉक्टर सरकले. दुसरं काय करणार?

दिवे गेले. अक्षरं उमटायला लागली आणि मामी वाचायला लागल्या. सुरुवातीला मजा झाली. "अहो, याने तर चक्क शिवी दिलीय! आणि तुम्ही काय म्हणालात? 'असो, असो'?" हॉल हसला. गाणं आलं. "यात चंद्र कुठाय? हा तर आईबद्दल गातोय!" पुन्हा हसू. मामाही हसले, पण त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची कुजबुज खरोखरीची कुजबुज झाली. मग तीही थांबली. मामी एकट्याच वाचत होत्या, ओठ हलवत.

शेवटचा प्रसंग आला. रिकामा रंगमंच, सिंहासन. ती बाई पावलं टाकत जवळ येते. मी भिंतीला टेकून उभी होते. वाटलं, दिवे लावावेत, फायर अलार्म वाजवावा, काहीतरी करावं. डाव्या बाजूची सगळी मंडळी मामांच्या आवाजाची वाट बघत होती. मामांचा पंजा तोंडाशी होता, पण शब्द फुटत नव्हता.

मामींनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. पडद्याच्या उजेडात त्यांना मामांचा चेहरा दिसला असणार. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी पर्समध्ये टाकली.

"सांगा ना," त्या म्हणाल्या. "काय म्हणते ती? मला इथून काही वाचता येत नाहीये."

खाली अक्षरं येऊन गेली. बाकीच्यांनी वाचली असतील, मला ठाऊक नाही.

"ती म्हणते…" मामा डावीकडे कलले. "ती म्हणते, डोक्याला भार झाला असेल. जरा काढून ठेवा. मी बाहेर गाडी बघते. मग आपण घरी जाऊ."

"आणि तो?"

"आनंदाने रडतोय."

दिवे लावायला मी मुद्दाम उशीर केला. तरी लावल्यावर डॉक्टर नाक शिंकरत होते. "अ‍ॅलर्जी," ते म्हणाले. बाहेर बर्फ होतं.

त्यानंतर मामा काही फार दिवस राहिले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात, एका सकाळी चहाला उठलेच नाहीत. फ्यूनरल होममध्ये डावी-उजवी बाजू अशी काही राहिली नव्हती. डॉक्टर दाराशी उभे राहून प्रत्येकाला आत नेत होते. मामींना कोणी काय बोलतंय ते ऐकू येत नव्हतं. त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायच्या आणि सवयीने उजवीकडे, मामा बसायचे त्या बाजूला, वळायच्या. मला ते बघवलं नाही.

आमच्या हॉलमध्ये आता शांतता असते. मराठी मंडळी खालची अक्षरं वाचून तमिळ सिनेमे बघतात आणि बाहेर पडताना म्हणतात, पूर्वीचे सिनेमे जास्त चांगले होते. मी काय सांगू त्यांना? सिनेमे तेच आहेत.

वसंतात मामी एकट्याच आल्या. सोमवार होता, खेळ नव्हता. बसमधून उतरल्या, सरळ काउंटरला आल्या.

"मला तो सिनेमा लावून दे. शेवट फक्त. अक्षरांसकट."

"मामी, कशाला आता?" मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"अगं, ते होते तेव्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. आता कुणाला त्रास नाही."

मी त्यांना आतल्या छोट्या खोलीत नेलं आणि कॉम्प्युटरवर शेवटचा प्रसंग लावला. त्यांनी चष्मा घातला. ती बाई आली, मुकुट काढला, पुसला, मांडीवर ठेवला. अक्षरं उमटली. मामींनी वाचली. "परत लाव," म्हणाल्या. परत लावलं. परत वाचली.

"हे असं आहे होय," त्या म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला.

"तेव्हा मला हे कळलं असतं ना, तर मी तशीच उठून गिरगावात गेले असते. यांचं तोंड बघितलं नसतं." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग सासूबाईंचंही असंच असणार. यांनी बनवलेलं."

मामांना ज्याची भीती होती ते समोर येऊन बसलं होतं आणि उत्तर द्यायला ते नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण मामींनी हात हलवून मला थांबवलं.

"माझ्या पहिल्या बाळंतपणात ताप चढला होता," त्या म्हणाल्या. "सासूबाई माझ्या उशाशी बसून होत्या. डोक्यावर पट्ट्या ठेवायच्या आणि एकसारखं काहीतरी बोलायच्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. हे गावाला गेले होते, सांगायला कुणी नव्हतं. पण त्या काय म्हणत होत्या ते मला कळलं, गं. ते कुणी बनवलेलं नव्हतं."

पडद्यावर राजा तसाच रडत थांबला होता. मी कॉम्प्युटर बंद केला.

"हे आपले काहीबाही सांगत गेले," मामी म्हणाल्या, "आणि आम्ही दोघी बायका ते खरं करत गेलो."

मग त्यांना रडू आलं. फ्यूनरल होममध्ये आलं नव्हतं तेवढं आलं. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिले. त्यांची बस येऊन निघून गेली तरी आम्ही उठलो नाही.